अकरा ते एक, रविवारी बंद

मी, श्रीकांत नारायण केळुस्कर, वय सेहेचाळीस, पदवीधर, राहणार भवानीपूर, कलकत्ता, धंदा जागांची दलाली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे मन ठिकाणावर असल्याचे डॉक्टर सांगतात. मला स्वतःला तसे ठामपणे म्हणवत नाही. पुढच्या आठवड्यात पोटाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर भाड्याचे आहे. दुसऱ्यांना घरे मिळवून देताना स्वतःचे बघायला सवड झाली नाही, की तशी इच्छाच नव्हती, हे मला सांगता येत नाही. टपाल खात्यातली बचत आणि घरातले सर्व सामान पत्नी सौ. सुहासिनी हिचे.

२. सायकल पुतण्या श्यामकांत याला. त्याने ती भर दुपारी कोणाच्या दाराशी उभी करू नये. इथले घरमालक जेवून निजतात. गेल्या वैशाखात त्याने बालीगंजच्या एका वृद्ध बाबूंना झोपेतून उठवले आणि गार्डन रीचला बदलून आलेल्या रेल्वे अधिकाऱ्याचे ठरत आलेले घर गेले. मी रागावलो, तेव्हा तो म्हणाला, "काका, सकाळी नळाला पाणी असतानाच घर दाखवायचं, दुपारी मालक झोपलेला, संध्याकाळी वीज जाणार, आणि रविवारी गिऱ्हाईक मोकळं. मग आपण जेवायचं कधी?" मी त्याला उद्धट म्हणालो.

३. खरा प्रश्न धंद्याचा. म्हणजे टेलिफोन, मालकांच्या ओळखी आणि बदलून येणाऱ्या मराठी कुटुंबांचा विश्वास. पहिल्या मसुद्यात हे श्यामकांतला दिले होते. मग वाटले, सुहासिनीने पुतण्याच्या तोंडाकडे बघत जगायचे का? दुसऱ्या मसुद्यात तिला दिले. मग वाटले, माझी ही धावपळ तिच्या गळ्यात कशाला? शेवटी तिलाच विचारले.

"विचारताय तेही घड्याळाकडे बघत," ती म्हणाली.

"फोर्ट विल्यमचे मेजर यायचे आहेत गं."

"येऊ देत. धंदा मला द्या. मी अकरा ते एक बसेन."

"त्या वेळी नळाला पाणी नसतं. लोकांना कळणार कसं?"

"मी सांगेन ना! बायका नळाचं मलाच विचारतात, तुम्हाला नाही."

"आणि रविवार?"

"बंद."

"लोक दुसऱ्या दलालाकडे जातील."

"जातील थोडे. त्यांनाही घर मिळेल."

४. तेव्हापासून मी गोंधळलो आहे. जे दोन तासांत होते त्याला मी सगळा दिवस दिला असेल, तर ते कर्तव्य होते की घरी न थांबण्याची सवय? की तिचाच अंदाज चुकतो आहे, आणि वर्षभरात टेलिफोन परत करावा लागेल? दोन्ही शक्य वाटते. तरी धंदा सुहासिनीलाच देतो. वेळा ती ठरवील. श्यामकांतने तिच्या हाताखाली, त्या वेळांतच काम करावे.

५. शस्त्रक्रियेतून वाचलो तर यातले काहीच अमलात येणार नाही. सुहासिनीने एवढे वाचले आणि विचारले, "म्हणजे तुम्ही मेलात तरच मला रविवार?" म्हणून हे पुढचे वाक्य जोडतो. कलम चार उद्यापासून, मी जिवंत असतानाच, लागू धरावे. मृत्युपत्रात असे लिहिता येते की नाही, मला ठाऊक नाही.

आम्हा दोघांच्या समक्ष लिहिणाऱ्याने सही केली:
श्यामराव दाभोळकर, शेजारी
कु. मालती परचुरे, शिक्षिका

(सही) श्रीकांत नारायण केळुस्कर
कलकत्ता, शनिवार, ९ मार्च १९७४