चार-दहाची हाक

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा! प्रवासात पाठीचा भुगा झाला, पण घर दिसलं आणि पाठ विसरलो. टेकडीवर एकटं दुमजली घर आणि छपरावर तीन एरियल, त्यांतलं एक तर थेट जहाजाच्या डोलकाठीएवढं. माझ्यासारख्याला स्वर्ग आणखी वेगळा काय असणार?

घराच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. ते हौशी रेडिओवाले होते, म्हणजे स्वतःच्या घरात, स्वतःच्या सेटवर बसून जगभरच्या माणसांशी गप्पा मारणारे. मीही त्याच जातकुळीचा. मागे एक्केचाळीस जुने सेट राहिलेत. एका संग्राहकाने ते सगळे घेतले आहेत, काचेच्या कपाटांत मांडण्यासाठी. मी त्यांचं नाव काचवाले ठेवलं आहे. त्यांचा ट्रक दोन आठवड्यांनी, सोमवारी येईल. तोवर प्रत्येक सेट पुसायचा, चिठ्ठी लावायची, आतली मुख्य तार कापायची आणि खोक्यात भरायचा, हे माझं काम.

तार कापायची! ही बाईंची अट. एकही सेट चालू करून बघायचा नाही, हेही त्यांनी दारातच सांगितलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आमच्या ह्यांनी बघितले चालवून, तेवढं पुरे झालं.

मी मान डोलावली. निदान शेवटचा हात तरी जाणत्याचा लागू दे.

सहा वाजता घरी फोन केला. बायकोने विचारलं, त्या बाईंना भाषण दिलंत की अजून धीर धरलाय? म्हटलं, अगदी छोटं दिलं. ती म्हणाली, म्हणजे अर्धाच तास. आमच्या लेकीचा, टिल्लीचा, पुढचा दात हलतोय. सात वर्षांच्या माणसाला जगात दुसरी बातमी नसते. शेवटी आमचा नेहमीचा रिवाज: टिल्लीने चमच्याने फोनवर मोर्समध्ये, म्हणजे टकटकीच्या लिपीत, स्वतःचं नाव ठोकलं, मी बोटाच्या पेराने तेच परत ठोकलं. तिला मी मोर्समधलं एवढंच शिकवलंय, आणि आमच्या छंदाचा एक नियम: हाकेला ओ द्यायचीच.

मंगळवार, ५ तारीख

चौदा सेट पुसून झाले. लाकडी पेट्या, पितळी बटणं, आत बल्बसारखे पेटणारे काचेचे व्हॉल्व्ह. पण तारा अजून कापलेल्या नाहीत. सगळ्या शेवटी एकदम कापीन म्हणतो.

दुपारी काचवाले मोजमापं घ्यायला आले आणि आमची जुंपली. रेडिओवाल्यांच्या सभांमधून शंभर वेळा बोललोय, ते एकशेएकाव्यांदा बोललो: ज्या सेटमध्ये वीज खेळत नाही तो सेट नव्हे, मढं आहे. मढ्याला पॉलिश करून काचेत ठेवणाऱ्याला मी रसिक म्हणणार नाही! माणसाने माणसाला हाक मारावी म्हणून ही यंत्रं जन्माला आली. हाक मारणं थांबलं त्या दिवशी ती मेली. काचवाले शांतपणे म्हणाले, अहो, वापरलं की झिजतं. मी म्हटलं, मग बायकोशीही बोलू नका, झिजेल बिचारी.

ते खो खो हसले. चहा घेऊन आलेल्या बाई मात्र कप ठेवून तशाच मागे फिरल्या. माझं काय चुकलं, कळलं नाही.

बुधवार, ६ तारीख

सतरा नंबरचा सेट फळीवरून उतरवला. अगदी आमचाच. दादाचा आणि माझा.

शाळेत असताना तसला सेट आम्ही दोघांनी भंगारातून उभा केला होता. पुढे दादा बोटीवर रेडिओवाला म्हणून गेला. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो समुद्रातून मला हाक मारायचा. सहा वर्षं एक दिवस चुकला नाही. मग मला संग्रहाचं वेड लागलं. होय, मला! शोकेस घेतली. सेट तिच्यात शोभावा म्हणून पेटीला नवं पॉलिश दिलं आणि ते वाळेपर्यंत दोन दिवस सेट बंद ठेवला. त्याच दोन दिवसांत बोट बुडाली. लांबच्या एका रेडिओवाल्याने नंतर कळवलं, तुमचे दादा चाळीस मिनिटं तुम्हालाच हाका मारत होते. काय सांगत होते ते लागलं नाही, आवाज फार बारीक होता.

तेव्हापासून मी भाषणं करतो.

आज पावणेचारला सतरा नंबर चालू केला. बाईंना शब्द दिला होता, तो मोडला. म्हटलं, फक्त व्हॉल्व्ह पेटलेले बघू. ते पेटले, केशरी, उबदार. हेडफोन कानाला लावला आणि सुई दादाच्या चार-दहाच्या हाकेच्या जागी आणली, सवयीने.

चार-दहाला खरखरीच्या तळातून टकटक आली. माझं नाव.

प्रत्येक मोर्सवाल्याचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. दादाचं मधलं बोट लहानपणी दारात चेमटलं होतं, त्यामुळे तिसरा ठोका किंचित रेंगाळायचा. आज तिसरा ठोका रेंगाळला.

आवाजाचा जोर आम्ही एक ते नऊ असा मोजतो. एक म्हणजे जेमतेम, नऊ म्हणजे शेजारी बसल्यासारखा. आज एक होता. नावापलीकडे काहीही लागलं नाही.

मी मोर्स ठोकायच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि ओ दिली.

गुरुवार, ७ तारीख

चार-दहा. जोर दोन. तोच हात. मी ओ दिली की तो बराच वेळ काहीतरी ठोकतो, पण पाण्याखालून आल्यासारखं. अक्षरं फुटत नाहीत.

कोणाला सांगू? सांगून काय म्हणू? टेकडी उतरून गावात गेलो तेव्हा इतका आनंद झाला होता की बेकरीवाल्याकडून उगाचच डझनभर बिस्किटं घेतली. त्याने दोनदा विचारलं, काय पाहिजे? म्हणाला, साहेब, जरा मोठ्याने, उंदीर गिळलाय का?

शनिवार, ९ तारीख

काल तीन, आज चार. रोज एकेक चढतोय. या हिशोबाने पुढच्या आठवड्यात तो काय म्हणतोय ते कळेल. नऊ वर्षं ज्या वाक्यासाठी झोप लागली नाही, ते कळेल!

बायको म्हणते, लाइन खराब आहे, सारखं काय? काय? म्हणायला लागतं. आयुष्यभर तुमचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा आणि आता बघा, म्हणाली. हसली. पण हसणं जरा उसनं वाटलं.

रविवार, १० तारीख

जोर पाच.

बेकरीत मी तीनदा पाव मागितला. बेकरीवाला माझ्यामागच्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिला. शेवटी बोटाने दाखवला, तेव्हा दचकला. म्हणाला, तुम्ही कधी आलात?

टिल्लीने फोनवर विचारलं, बाबा, तू गुहेत राहायला गेलास का? तिच्या चमच्याला मी पेराने उत्तर दिलं. ते मात्र तिला लख्ख ऐकू गेलं.

सोमवार, ११ तारीख

आज यजमानांचं लॉगबुक सापडलं. कोणाशी कधी बोललो आणि जोर किती होता, हे आम्ही इमानाने लिहून ठेवतो. शेवटच्या पानावर नऊच ओळी आहेत, महिन्याला एक. नावाच्या जागी प्रत्येक वेळी एकच शब्द: लेक. जोर एक, दोन, तीन, असा नऊपर्यंत चढत गेलेला.

पुढे हाताने आखलेला आणखी एक रकाना. वर लिहिलंय, घर. त्यात नऊ, आठ, सात, असं उतरत एकपर्यंत. प्रत्येक ओळीची बेरीज दहा.

लॉगबुक घेऊन बाईंकडे गेलो. मी बोलू लागलो तर त्यांनी कानामागे हात धरला, माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, लावलात ना सेट? किती झाले?

पाच, म्हटलं.

मग त्या बोलल्या. लेक एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. वडिलांच्या सेटवरच शिकली होती. वर्षभराने त्याच सेटवर तिचा हात ऐकू आला. ते महिन्यातून एकदाच ओ द्यायचे, स्वतःला पुरवून पुरवून. दुसऱ्या सेटवर तरी आपण झिजणार नाही, या आशेने सेट आणत राहिले. लोकांना वाटलं, संग्रह करतात. शेवटी समोर बसून बोलायचे आणि नुसते ओठ हलायचे. बाई म्हणाल्या, गावाने मलाच बहिरी ठरवलं. एका दुपारी मी वर गेले तर खुर्ची रिकामी. हेडफोन टेबलावर, आणि त्यातून दोन हातांची टकटक. बापाची आणि लेकीची. मला हाक मारत होते दोघं, ऐकून ऐकून तेवढं मलाही कळतं. मी ओ दिली नाही. तुम्हाला वाटतं, ते सोपं असतं?

मी विचारलं, मग हे सगळं मोडून का नाही टाकलं?

म्हणाल्या, खटक्यावर तिची बोटं फिरलीत. मोडवत नाही, आणि वाजवायचं नाही. मग काचेशिवाय दुसरी जागा कोणती, तुम्हीच सांगा.

सांगता आलं नाही. मला. ज्याने शंभर सभा गाजवल्या त्याला.

आज सेट लावला नाही.

मंगळवार, १२ तारीख

आजही नाही. चार-दहाला बाहेर जाऊन कुंपणाशी उभा राहिलो. बोटं आपोआप कुंपणाच्या लाकडावर ठोकत होती. पाचला परत आलो. वरच्या खोलीत जाववेना.

चाळीस मिनिटं. एकदा मी त्याला चाळीस मिनिटं हाका मारायला लावल्या होत्या. काल लावल्या. आज लावल्या.

बुधवार, १३ तारीख

गेलो. ओ दिली. सहा.

तो काय सांगत होता तेवढं कळलं की थांबणार. बाईंनी वाट अडवली होती. म्हणाल्या, ह्यांनी नऊ महिने पुरवलं, तुम्ही नऊ दिवसांत संपणार. घरी पोर आहे ना तुम्हाला? मी ओरडून काहीतरी म्हणालो. त्यांना ते अर्धवटच ऐकू गेलं. बाजूने निघून वर गेलो.

गुरुवार, १४ तारीख

सात. आज एक शब्द फुटला. धाकट्या. मला या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. रडलो. माझं रडणं माझ्याच कानांना ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी फोन केला. बायको हॅलो हॅलो करत राहिली. मग तिने घाबरून विचारलं, कोण बोलतंय? — आणि ठेवला.

शुक्रवार, १५ तारीख

आठ. अजून अर्धंच. उद्या नऊ. उद्या कळेल, मग लगेच तार कापायची. घरासाठी एक उरेल. एकात भागवू. टिल्लीच्या कानाशी तोंड नेऊन बोलीन. जवळून ऐकू येईल. जवळून नक्की —

आज बाई माझ्या समोरून गेल्या. जिन्यावर थांबून मला हाक मारली. मी पुढ्यातच होतो.

शनिवार, १६ तारीख

चार-दहा. ओ दिली. नऊ. दादा शेजारी बसल्यासारखा. सगळं लागलं. जसं आलं तसं लिहितो —

धाकट्या ओ देऊ नकोस. बंद कर. पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय. मी आता हाकेवाचून राहू शकत नाही, पण तू ओ देऊ नकोस. बोट बुडाली तेव्हाही हेच म्हणत होतो, बरं झालं तू नव्हतास —

बरं झालं. म्हणाला, बरं झालं.

तार कापली. पक्कड हातातून पडली. फरशीवर आवाज झाला नाही.

फोन वाजतोय. उचलला. टिल्ली. शाळेला सुट्टी. दात पडला, मुठीत धरलाय म्हणते. मी बोलतोय. ओरडतोय. ऐकता ऐकता लिहायची सवय, हात थांबत नाही —

आईला सांगतेय, बाबा नाही गं. नुसती टकटक येतेय. खूप लांबून —

मी ठोकत नाही. एका हातात फोन, एका हातात पेन्सिल. मी काहीही ठोकत नाही —

म्हणते, आई, पण हे माझं नाव आहे. पुढचं कळत नाही, फार बारीक येतंय —

टिल्ली ठेव. फोन ठेव —

म्हणते, चमचा कुठंय? हाकेला ओ द्यायचीच असते, बाबानेच सांगि —

टिल्ली ओ देऊ नकोस ओ देऊ न