राणीचे कान

शुक्रवार, संध्याकाळ. कारधा.

मला पाहून राणीने आज पुन्हा कान मागे पाडले.

परवा करडी गावाला भाच्याची वरात आहे. बँडला बुजू नये म्हणून या घोडीपुढे चंदी ठेवताना मी रोज स्टीलचे ताट बडवते. आमच्याकडे वरातीची घोडी अशीच तयार करतात. आता ती हलत नाही. मी त्याला शिस्त समजत होते. पण मी तबेल्याबाहेर पडेपर्यंत ती चंदीला तोंड लावत नाही, हे आज सुनेने, सुनीताने, दाखवले.

"आई, ते शांत नाई, भेऊन थिजली हाय. ताट ठेवा ना बाजूले."

सुनीता मान खाजवते तेव्हा राणी डोळे मिटते. कान सैल. माझ्यापुढे का नाही?

घोडी येणार नाही, असे भावाला फोनवर सांगितले. तो उखडलाच.

"ताई, गावभर सांगून बसलो मी! आता नवरदेवाले काय तुया पाठीवर बसवू?"

हसू आले. भ्यालेल्या जनावरावर पोराला बसवायचे? गर्दीत उधळली तर? आणि नाहीच उधळली, तरी?

मग रिकाम्या हातांनी तबेल्यात जाऊन बसले. बऱ्याच वेळाने राणीचा एक कान माझ्याकडे वळला. दुसरा खुंटीवरच्या ताटाकडेच होता.

ते ताट काढावे म्हणून उठले, तर दोन्ही कान पुन्हा मागे.

परत खाली बसले. ताट सुनीता नेईल.