तिसरा ट्रंपेट

२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

तुळशीचं लग्न आज. आमच्या पोरीची, हेमालीची, हळद २९ ला. मधे सत्तावीस दिवस.

संकल्प: हळदीला डीजे नाही. म्हणजे नाही. मागच्या वर्षी थळमधल्या एका हळदीत स्पीकरने माझ्या दातात भरलेलं सिमेंट हललं. त्याला हे लोक संगीत म्हणतात. शिसारी आली. बारा ट्रक चालवतो मी. दोन वळणं पलीकडून बेअरिंगचा आवाज ऐकून सांगतो कुठलं चाक गेलंय. या कानांना असला छळ नको.

हेमालीच्या हळदीत बाबांची रेकॉर्ड वाजणार. नुसती वाजणार नाही, माणसं ती चीज समोर उभं राहून वाजवणार.

आमचे बाबा, कै. हिरामण घरत, १९४७ साली मुंबईत एका हॉटेलातल्या बिग बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. रेकॉर्ड निघाली. ती माझ्याकडे आहे. जगात दुसरी प्रत नाही. गावात एकाचाही विश्वास नाही. २९ ला बसेल.

४ नोव्हेंबर

रेकॉर्ड काढली. मधला गोल कागद कोरा, पांढरा. वर पेन्सिलीने नंबर आणि एक मोठी फुली. बँडमध्ये बाबा सोडून सगळे गोव्याचे ख्रिश्चन होते, त्यामुळे क्रूस काढलाय. भक्तीची माणसं.

ग्रामोफोनला चावी दिली. पाच सॅक्सोफोन, तीन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, पियानो, बास, ड्रम. तीन मिनिटांत सगळं. तव्यावर, म्हणजे रेकॉर्डवर, त्याहून जास्त मावतच नसे, म्हणून हॉटेलात दहा मिनिटं चालणारी चीज कापून तीन मिनिटांची करत. बायकोला, अनुसूयेला, समजावलं की अरेंजमेंट म्हणजे कोणी कधी वाजवायचं आणि कोणी कधी गप्प बसायचं हे लिहिलेले कागद. ती म्हणाली, एक कागद आपल्या घरात लावा, तुमच्या नावाचा.

तिसरा ट्रंपेट म्हणजे बाबा. बाकी दोघांच्या केसभर मागून येतो. आगरी माणूस कोणाच्या हुकमावर पाऊल टाकत नाही. चाळीस वर्षं ऐकतोय, चूक होणं शक्य नाही.

शेवटचा सूर सुरू झाला की सुई उचलली. नेहमीप्रमाणे. पुढे नुसती खरखर, त्यात सुई का झिजवायची? धंदा असाच उभा केला. बाबा असताना दर वेळी हात वर करून म्हणायचे, आरं ठेव की, ठेव. म्हातारपणी माणसाला काटकसर कळत नाही.

७ नोव्हेंबर

परेशला बोलावलं. त्याची बेंजो पार्टी किहीमपासून रेवसपर्यंत प्रसिद्ध आहे. कशासाठी, ते देव जाणे. दोन बेंजो, दोन कीबोर्ड, एक ट्रंपेटवाला, सहा ढोल-ताशे आणि एक माणूस जो फक्त शिट्टी वाजवतो.

रेकॉर्ड ऐकवली. परेश डोळे मिटून ऐकत होता. वाटलं, कलाकार आहे. मग म्हणाला, शेट, याच्यात नाचायचा कंचा भाग?

वीट आला. तरी हसलो, चहा पाजला. माणसं सांभाळून घेतली म्हणून इथवर आलो. तो म्हणाला, कागद द्या, वाजवतो. प्रत्येकाचा वेगळा कागद.

तर आता अरेंजमेंट उतरवून काढायची. कानाने. सोपं आहे.

९ नोव्हेंबर

संकल्प: नोटेशन आठ दिवसांत शिकणे. पहाटे पाचला उठणे. ऐकण्याआधी सुकट न खाणे, वास नाकात राहतो, कानावर परिणाम होतो.

१० नोव्हेंबर, सकाळी ८.४५

उठायला उशीर. रात्री ट्रक वडखळला बंद पडला होता. फोनवर आवाज ऐकूनच सांगितलं, फॅनबेल्ट. फॅनबेल्टच निघाला. असे कान असताना नोटेशनची गरज काय?

सुकट खाल्ली.

१३ नोव्हेंबर

नोटेशनचं पुस्तक आणलं. पाच रेघा आणि त्यांवर मुंग्या. किळस आली. माझी स्वतःची पद्धत काढली. ट्रंपेटसाठी प, सॅक्सोफोनसाठी भों, जोरात असेल तर दोनदा. तेरा पानं झाली. हेमाली म्हणाली, पप्पा, हे आरटीओच्या बाहेरच्या ट्रॅफिकसारखं दिसतंय. कौतुकच केलं असावं.

अनुसूयेला रेकॉर्डिंगचा इतिहास सांगितला. तेव्हा टेप नव्हती. मेणाच्या जाड थाळीवर थेट कोरत. खोलीत एकच माइक. सॅक्सोफोन पुढे, ट्रंपेट मागे, ड्रमवाला भिंतीपाशी. सोलो असला की माणूस उठून माइकपाशी जाई. पंखे बंद, घामाच्या धारा. मधेच कोणी शिंकला की थाळी फुकट, सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या कडक शिस्तीत आपले बाबा! अनुसूया भाजी चिरत म्हणाली, मामंजी आणि गप्प? त्यांचा खोकला जेट्टीवर ऐकू यायचा.

मी म्हणालो, तीच तर छाती. ट्रंपेटला छाती लागते.

ती काहीतरी बोलणार होती. मला फोन आला.

१९ नोव्हेंबर

पहिली तालीम, आमच्या अंगणात. माझी पानं परेशच्या पोरांनी उलटी धरली. सरळ करून दिली तरी फरक पडला नाही. शेवटी परेश म्हणाला, कागद ऱ्हाऊ दे शेट, तवा लावा, पोरं ऐकून उचलतील. चार वेळा लावला. उचललं, हे कबूल करतो. मग वाजवायला लागली.

दोन मिनिटं ठीक. तिसऱ्या मिनिटाला सगळी एकदम खाली घसरली. सूर खाली, ठेका ढिला, सगळा बँड झोप आल्यासारखा बसत बसत गेला. ओरडलो, हे काय? परेश म्हणाला, तव्यात तसंच हाय.

ग्रामोफोनची स्प्रिंग संपत येते तेव्हा तवा मंद फिरतो. चार वेळांत चावी द्यायला विसरलो, या लोकांनी स्प्रिंगसुद्धा पाठ केली. तिचा उतार अचूक. आता काढायला सांगितलं तर निघत नाही. ट्रंपेटवाला म्हणतो, तोच भाग लोकांना आवडंल.

रक्तदाब वाढला असणार. तपासला नाही.

२१ नोव्हेंबर

फ्लेक्स लागला. नाक्यावर, वीस फुटी. बाबांचा फोटो, हातात ट्रंपेट. फोटोत ट्रंपेट नव्हता, फ्लेक्सवाल्याने कंप्यूटरवर दिला. बाबांनी उलटा धरल्यासारखा दिसतो, पण खालून कळत नाही. मजकूर मी दिला: ‘बिग बँडचे अमर ट्रंपेटवादक कै. हिरामण घरत यांची एकमेव रेकॉर्ड, प्रथमच जनतेसमोर.’

नाक्यावर दोघं वाचून हसले. हसू देत. २९ ला तोंडं बंद होतील. बाबा जन्मभर लोकांचं ओझं वाहणारे म्हणून गावात ओळखले गेले. माझ्या पोरीच्या हळदीत ते पुसलं जाणार. एवढंच मला हवंय.

२४ नोव्हेंबर

परेशच्या पार्टीवर विसंबण्यात अर्थ नाही, म्हणून पक्का बंदोबस्त केला. हेमालीची मैत्रीण मृणाल किहीमला राहते, जुन्या रेकॉर्डी साफ करून कंप्यूटरवर उतरवण्याचं काम करते. तिला बोलावलं. अस्सल रेकॉर्ड मोठ्या स्पीकरवर वाजेल, मग मृणाल माइकवर सांगेल की तिसरा ट्रंपेट हिरामण घरत. सर्टिफिकेट म्हणतात ते.

फोनवर म्हणाली, काका, आधी ऐकते, मग सांगते. हल्लीच्या मुलींना मोठ्या माणसांचा शब्द पुरत नाही.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४

मृणाल आली. मशीन आणलं. तवा ब्रशने धुतला. फुलीकडे बराच वेळ बघितलं. मी क्रूसाचं सांगितलं. ती हं म्हणाली. तो हं मला आवडला नाही.

तवा लावला. इतका स्वच्छ कधी ऐकला नव्हता. तिसरा ट्रंपेट केसभर मागून आला. मी बोट वर केलं. शेवटचा सूर सुरू झाला आणि सवयीने हात सुईकडे गेला. मृणालने माझं मनगट धरलं. म्हणाली, राहू द्या काका, शेवटपर्यंत जाऊ दे.

सूर लांबला. तो अजून हवेत आहे, पुरता विरलाही नाही, आणि रेकॉर्डमधल्या खोलीच्या कोपऱ्यातून एक आवाज. आपल्याकडच्या बोलीतला.

आता खोकू कं?

आणि मग खोकला. मोठा, छातीतून, तीन मिनिटं दाबून ठेवलेला. मग दहा-पंधरा माणसं हसतात. मग खरखर.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

मी म्हणालो, दुसऱ्या कोणाचा असेल. अनुसूया दारात उभी होती. म्हणाली, इश्श, मामंजीच की. तिने सांगायची गरज नव्हती. माझे कान. दोन वळणं पलीकडून बेअरिंग ओळखणारे.

मृणाल हळू बोलत होती. फुली म्हणजे बाद. बाजारात आणण्याआधी नमुन्याला तवा काढतात, तो हा. खोकल्यामुळे बाद झाला. बँडने पुन्हा वाजवलं असणार आणि ती दुसरी वेळ बाजारात आली असणार.

विचारलं, म्हणजे दुसरी प्रत आहे? ती म्हणाली, कुठेतरी असेलही, काका. पण तिच्यात बाबा नसतील.

अनुसूयेला सगळं ठाऊक होतं. मामंजींनी तिला कधीच सांगितलं होतं. हॉटेलातला तो कपाटाएवढा बास डोक्यावरून स्टुडिओत न्यायचे. रेकॉर्डिंग संपेपर्यंत कोपऱ्यात उभं राहायचं, श्वास पण हळू. बाद तवा वाजवणाऱ्यांनी हसत हसत त्यांनाच दिला, घे हिरामण, तुझी रेकॉर्ड. मी ओरडलो, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही सांगतच सुटता, विचारता कधी?

बाबांनी मला एवढंच सांगितलं होतं: या तव्यात मी हाय. ट्रंपेट मी लावला. लावला म्हणजे वाजवला असं मीच धरलं; त्यांनी तो नुसता जागेवर मांडला होता.

आरं ठेव की, ठेव.

जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

२७ नोव्हेंबर

संकल्प: कोणालाही सांगायचं नाही. मृणालला तशी विनंती केली. ती कबूल. अनुसूया कबूल. शेवटचे पाच सेकंद कापून टाकायला सांगितले. मृणाल म्हणाली, कापते. मग म्हणाली, खरंच कापू?

उद्या सांगतो म्हणालो.

२८ नोव्हेंबर

फ्लेक्सवाल्याला फोन. ‘ट्रंपेटवादक’वर पट्टी चिकटवायची. तो म्हणाला, पट्टीवर काय लिहू? मी कागदावर दोन शब्द लिहून खोडले. तो म्हणाला, शेट, लाइनीत हाव कं? फोन ठेवला.

हेमालीला कळलंय. कोणी सांगितलं ते विचारलं नाही, बायकांत गुपित म्हणजे चाळणीत पाणी. रागावेल असं वाटलं. मांडीवर डोकं ठेवून हसत होती. मग म्हणाली, पप्पा, कापू नका. आजोबांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

न कापण्याचं ठरवलं. फक्त आवाज बारीक ठेवायचा. कोणाच्या लक्षात येणार नाही.

२९ नोव्हेंबर, रात्री

लक्षात आलं.

हेमालीला हळद लागली, मृणालने रेकॉर्ड लावली. तीन मिनिटं पंगतीत वडे-मटणाचा आवाज जास्त. पाच सॅक्सोफोन, तीन ट्रंपेट, एवढी अरेंजमेंट, कोणी ढुंकून पाहिलं नाही. संतापजनक. शेवटचा सूर आला. आवाज बारीक ठेवायचा होता, परेशने मोठा केला.

आता खोकू कं?

 मग मागून एक म्हातारा उठला आणि ओरडला, अरं हिरामण! त्यानंतर जो हशा पिकला तसा मी घरच्या कोणत्याच कार्यात पाहिला नाही. तेच पाच सेकंद सात वेळा वाजवावे लागले. मग बेंजो पार्टी उठली आणि पूर्ण चीज वाजवली, स्प्रिंगच्या उतारासकट. शेवटी परेशने हात वर केला आणि अडीचशे माणसं एकदम खोकली.

किळसवाणा प्रकार. नवरीसुद्धा खोकली. मीही खोकलो असेन, नक्की आठवत नाही.

ट्रंपेटबद्दल मला एकानेही विचारलं नाही.

३० नोव्हेंबर, सकाळी ६.३०

अंग दुखतंय. आज लग्न. संकल्प: फ्लेक्स उतरवणे. सुई यापुढे शेवटपर्यंत. कोणालाही काहीही सांगण्याआधी विचारणे.

रात्रीच्या मसाल्याने घसा धरला. ओटीवर बसून मोठ्याने खोकलो. आतून अनुसूया ओरडली, विचारून खोका.