डाव्या कानामागची रेघ

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायला हात आपोआप गेला, तर लिहून टाकलं. आता खोडत नाही. तू पाठवलेला स्वेटर हिला बरोबर बसला. एवढ्या उकाड्यात तो घालून ही शेजारणीकडे साखर मागायला जाऊन आली. घरात साखर होती.

सलूनमधली ती खुर्ची अजून तशीच आहे. गिऱ्हाईक बसलं की ती हळूहळू खाली जाते. दाढीला सुरुवात करताना माणूस माझ्या छातीशी असतो आणि संपेपर्यंत पोटाशी येतो. जुने लोक सवयीने मान वर करतात. नवीन माणूस एकदम घाबरतो, मग मी सांगतो, काही नाही साहेब, खुर्चीचं वय झालंय.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितोय. तू रडायला लागतेस, तेवढ्यात तुझ्या त्या म्हाताऱ्या बाई आतून हाक मारतात, तू नाक पुसत ‘आले’ म्हणतेस आणि मला पुढचं काही सुचत नाही. दुसऱ्याच्या आईचं करायला तू एवढ्या लांब गेलीस आणि तुझं लेकरू माझ्याकडे ठेवून गेलीस. त्याचं काय चाललंय हे तुला नीट कळायला हवं.

वकिलाचं म्हणणं असं. टिल्लूला शिक्षा होणार, त्यातून सुटका नाही, कारण त्याने स्वतःच कबूल केलंय की स्कूटर त्याने चालवली. प्रश्न उरतो तो एकच. त्याने हे केलं ते एकट्या पोराने भीतीपोटी, की टोळीचा माणूस म्हणून? एकटा ठरला तर तीन वर्षं. टोळीचा ठरला तर नवा कायदा लागतो, मग सात, आणि राहायचं टोळीवाल्यांच्या वेगळ्या बराकीत. तीन की सात, एवढ्यावर सगळं येऊन ठेपलंय.

तू परत परत विचारतेस की तो त्यात गेलाच कसा. अगं, तो गेला नाही. त्या दिवशी टोळीने सगळ्या बाजाराला शटर खाली करायला सांगितलं होतं, त्यांचा कोणी पकडला गेला होता म्हणून. घड्याळवाल्या काकांनी दुकान उघडं ठेवलं. ते तसे हट्टीच. टिल्लू पार्सलं पोचवून परत येत होता, तर दोघांनी त्याला कोपऱ्यावर अडवलं आणि म्हणाले, आपलाच आहेस ना, गाडी चालू ठेव. त्याने ठेवली. आतून लोखंडी गजाचे आवाज आले, मग दोघे पळत आले, मागे बसले, आणि हा त्यांना घेऊन निघाला. खाली उतरून पळायला हवं होतं, मान्य आहे. पण त्याच्या जागी उभी राहून बघ. दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा झालाय, तरी तो अजून टिल्लूच आहे.

आता पुरावा म्हणजे काय, तर अंगावर काही गोंदलेलं नाही, मोबाईलमध्ये काही सापडलं नाही. फक्त पकडलं तेव्हाच्या फोटोत डाव्या कानामागे केसांत एक रेघ आहे. वस्तऱ्याने मारलेली, बोटभर लांब. टोळीतली पोरं तशी रेघ मारून घेतात, हे इकडे सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांनी टिल्लूला विचारलं, कोणी मारली, कशासाठी मारली. तो गप्पच बसला.

मी साक्ष द्यायला उभा राहणार आहे. वकील नको म्हणतो, त्याला वाटतं मी फार बोलतो. बरोबरच आहे, पण केस हा माझा विषय आहे. कायद्याचं त्यांना कळत असेल, रेघेचं मला कळतं. तू काळजी करू नकोस. मी सगळं सरळ सांगितलं की जज्जसाहेबांच्या लक्षात येईल.

आणि एक सांगून टाकतो, कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. हा कायदा यायचा होता तेव्हा सलूनमध्ये रोज तीच चर्चा असायची. टॅक्सीवाला म्हणायचा दुप्पट करा, निवृत्त मास्तर म्हणायचे दुप्पटच हवी, या पोरांनी जगणं मुश्कील केलंय. आणि खरंच केलं होतं गं. ती पोरं माझ्याकडे येऊन फुकट केस कापून घ्यायची आणि वर चहा मागायची. वस्तरा हातात धरून मी म्हणालो होतो, दुप्पट कशाला, तिप्पट करा. सगळे हसले, मीही हसलो. अजूनही त्या दोघांना, ज्यांनी गज चालवला त्यांना, तिप्पट दिली तर माझं काही म्हणणं नाही.

जेवण वेळेवर करत जा. हिचा नमस्कार.

तुझा
बारक्या


२ एप्रिल

प्रिय ताई,

वकिलाने तुला फोन केला ते मला कळलं. तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. हिने उचलला तेव्हा मी मोरीत नळ सोडून उभा होतो. तू हिला एकच विचारलंस म्हणे, सात कशी झाली? हिला सांगता आलं नाही, कारण मी हिलाही धड सांगितलेलं नव्हतं.

खुर्ची दुरुस्त झाली. एक ओळखीचा मेकॅनिक आला, त्याने आतलं काहीतरी बदललं, आता ती जिथल्या तिथे राहते. गिऱ्हाइकांना चुकल्यासारखं होतं, मास्तर तर अजून मान वर करतात. बघ, सांगायचं एक आणि मी बसलोय खुर्चीची गोष्ट सांगत.

ती रेघ मी मारली होती, ताई.

मागच्या पत्रात लिहायला हवं होतं, हिंमत झाली नाही. ऐक. टिल्लूला पार्सलं पोचवताना पुलापलीकडच्या गल्लीतून जावं लागायचं. तिथे त्याला दोनदा मारलं. कोणाचा तू, असं विचारायचे, आणि कोणाचाच नाही म्हटलं की हाणायचे. दुसऱ्यांदा ओठ फाटून आला. तुला आम्ही सांगितलं होतं की जिन्यावरून पडला. त्या रात्री ही म्हणाली, याच्या आईला आपण काय तोंड दाखवायचं? मी सकाळी त्याला खुर्चीवर बसवलं. टोळीतल्या सगळ्या पोरांच्या रेघा माझ्याच हातच्या. कान किती दुमडायचा, किती रुंद ठेवायची, सगळं हाताला पाठ. टिल्लू म्हणाला, मामा, नको. मी म्हणालो, केसच आहेत रे, पंधरा दिवसांत येतात परत. खरंच, त्यानंतर त्याला कोणी बोट लावलं नाही. गल्लीतली पोरं त्याला हात करायला लागली. मी खूश झालो, हिला म्हणालोसुद्धा, बघ, शून्य खर्चात काम झालं. केस वाढले की मी पुन्हा रेघ मारून द्यायचो.

आणि त्या दिवशी कोपऱ्यावर त्या दोघांनी त्यालाच का अडवलं, हे आता तुला वेगळं सांगायला नको. ‘आपलाच आहेस ना’ असं ते त्याच्या कानामागे बघून म्हणाले. कोणाचाच नाही, हे उत्तर द्यायची सोय मीच ठेवली नव्हती. पोलिसांपुढे तो गप्प बसला तोही माझ्यासाठी, मामाला ओढतील म्हणून.

मला वाटलं, कोर्टात हे सगळं सांगितलं की झालं. शर्टाला इस्त्री करून गेलो. सरकारी वकील एक बाई होत्या, तुझ्याएवढ्याच, आवाज अगदी मऊ. मला वाटलं, या समजून घेतील. त्यांनी विचारलं, ही रेघ तुम्ही किती दिवस मारताय? मी सांगितलं. कोणाकोणाला मारता? म्हटलं, त्या पोरांना. बाकी कोणाला? मी म्हटलं, बाकी कोणाला नाही. मागितली तर? आणि तिथे मी, ताई, छाती काढून सांगितलं की कोणीही येऊन मागितली तर मी देत नाही, मास्तरांच्या नातवाला मी परत पाठवलं होतं, कारण भलत्याच्या डोक्यावर ती दिसली तर टोळीवाले त्याला सोडणार नाहीत. मला वाटलं मी जबाबदार माणूस आहे हे दिसतंय.

त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या हातची रेघ ज्याच्या डोक्यावर, तो त्यांचा.”

मी म्हणालो, “हो. माझा भाचा सोडून.”

मागे कोणीतरी हसलं. बाईंना पुढे काही विचारायची गरज उरली नव्हती, त्या बसल्या. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि मला नीट विचारलं, या रेघेचा अर्थ तुम्हाला माहीत होता? मी हो म्हणालो. भाच्याला माहीत होता? मी टिल्लूकडे बघितलं. तो खाली बघत होता. खोटं बोलायला हवं होतं का गं? मला सुचलंच नाही. हो म्हणालो. मी साक्ष दिली नसती तर तीन झाली असती का, असं वकिलाला विचारलं. तो म्हणाला, आता विचारून काय उपयोग. माणूस चांगला आहे, त्याला मला दुखवायचं नव्हतं.

घड्याळवाले काका परवा दाढीला आले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, चिमटा धरता येत नाही, दुकान विकायला काढलंय. कोर्टात त्यांनी आपणहून सांगितलं होतं की हा मुलगा मला फक्त गाडीवर दिसला. मी साबण लावून वस्तरा उघडला, तशी त्यांनी डोळे मिटून मान वर केली. दाढी झाल्यावर म्हणाले, “कायदा हवा होता असंच मला अजून वाटतं. पण तुझ्या पोराचं मला वाईट वाटतं. दोन्ही वाटतं, काय करू?” मी त्यांचं तोंड पुसलं. रागवायला कोणी सापडत नाही, ताई. बाईंचं काम बाईंनी केलं, जज्जांनी जज्जांचं. मी तिप्पट मागितली होती, मला दुपटीहून थोडी जास्त मिळाली.

काल भेटायला गेलो होतो. मध्ये काच असते आणि फोनवरून बोलायचं असतं. त्याला टोळीवाल्यांच्या बराकीत ठेवलंय, ते गज चालवणारे दोघेही तिथेच आहेत. बारीक झालाय, पण बरा आहे. जेवतो म्हणाला. तुला सांगायला सांगितलंय की आईला म्हणावं रडू नको, तिच्या बाईंची औषधं चुकतील. मी म्हटलं, टिल्लू, मी वकिलाला गाठतो, वरच्या कोर्टात जाऊ, तू या लोकांपासून लांब राहा, कोणाशी बोलू नकोस. तो हसला. मला वाटतं त्याला माझी कीव आली.

म्हणाला, “मामा, इथे कोणाचाच नाही म्हणून राहता येत नाही. आणि मी कोणाचा ते कोर्टाने सांगितलंच आहे.”

वेळ संपली आणि तो वळला. आत त्यांचे केस पार बारीक करतात, त्यामुळे लगेच दिसलं. डाव्या कानामागे नवी रेघ होती. कोणीतरी कसल्यातरी पात्याने ओढलेली. वाकडी, आणि मध्ये खपली धरलेली. मी मारलेली कधीची वाढून गेली होती, ही त्याने स्वतः मागून घेतली. मी काच वाजवली, पहारेकऱ्याने मला हटकलं. आणि मला काय ओरडावंसं वाटलं माहितीये? की अरे, पातं गरम पाण्यात धुऊन घ्यायला सांग, जखम चिघळेल. तेवढंच एक मला येतं.

तू ये. तिकडचं काम सोडून ये, माझ्या थोबाडीत मारायची तर मार, पण तू जाऊन त्याच्यासमोर बस. माझं तो ऐकून घेतो, पण त्याला आता माझ्याकडून काही नको आहे.

तू लेकरू ज्याच्या ओटीत घातलं होतंस, तो
बारक्या