ह्यांचा गुरुवार

५ जानेवारी, सोमवार
जिमला नाव घातलं. इंदिरानगरातच, किराणा दुकानाच्या वर, फक्त बायकांचं. शिकवणारी प्रणाली, निफाडची. वय बासष्ट सांगितलं तर म्हणाली, चालतंय. निखिलला कळवलेलं नाही. परवा देवापाशी बसले ती उठताच येईना. शेवटी सरकत सरकत कॉटपर्यंत गेले नि कॉट धरून उठले. हे नि.ला कळलं तर दुसऱ्या दिवशी पुण्याहून गाडी घेऊन हजर, चल आई, सामान बांध. मला इथंच राहायचंय. माझी उठबस मला जमावी, बस्स.

८ जाने., गुरुवार
पायऱ्या उतरताना मांड्या बोलतायत. उपवास. दिवसभर चहा, एक केळं. रात्री सोडायला म्हणून दूधपोळी. एकटीसाठी कुठे कुकर लावत बसा.

१२ जाने., सोमवार
प्र.ने सगळं विचारलं, काय खाता, कधी खाता. सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी, रात्री दूधपोळी. वरण? उसळ? हे होते तेव्हा रोज व्हायचं, त्यांना वाटी भरून वरण लागायचंच. आता कोण... सगळ्यांदेखत म्हणाली, "काकू, पोटात काय नाय तर वजन उचलून काय उपयोग? अंगातलंच झिजतंय ते." राग आला. पोरीला बोलायची रीत नाही.
घरी येऊन मूग मात्र भिजत घातले.

१५ जाने., गुरुवार
खुर्चीवरून हात न टेकता उठायचं चाललं होतं. डोळ्यांपुढे अंधारी. प्र.ने धरलं, बाकावर बसवलं, साखरपाणी दिलं. उपवास आहे म्हटलं. कशाचा, तर ह्यांच्या तब्येतीचा, बायपासच्या वेळी धरलेला.
"मग आता बरे हायेत का काका?"
"बरे आहेत."
तोंडातून गेलंच. ह्यांना जाऊन उन्हाळ्यात दोन वर्षं होतील.

१७ जाने., शनि.
धरलेला उपवास असा मध्येच सोडत नाहीत, उद्यापन करावं लागतं. खालच्या मजल्यावरच्या गुरुजींना विचारलं. ते जरा गडबडलेच. म्हणाले, ज्यांच्यासाठी धरला तेच नाहीत वहिनी, तो आपोआप संपला. आपोआप कसा संपला? दर गुरुवारी उपाशी मी असते.

२३ जाने., शुक्र.
प्र.ने घरच्या मळ्यातली द्राक्षं आणली. पिशवी हातात देत म्हणाली, काकांना पण द्या. घेतली. आता सांगू, मग सांगू करत राहून गेलं. खोटं बोलायला लाज वाटते. पण खरं लिहायचं तर जिमच्या त्या खोलीत हे आहेत, कुणीतरी त्यांची चौकशी करतं, म्हणूनही पाय तिकडे वळतात.
द्राक्षं मीच संपवली. गोड होती.

२९ जाने., गुरुवार
जिमला गेलेच नाही. उपाशीपोटी गेले तर ती रागावणार. खाऊन जायचं तर...
पडून राहिले. गुडघे पुन्हा कुरकुरतायत. चार दिवसांत कमावलेलं एका दिवसात जातं असं वाटतं.

२ फेब्रु., सोमवार
उठले! जमिनीवरून, एक हात गुडघ्यावर ठेवून, कशालाही न धरता. खात्री म्हणून परत बसले, परत उठले. सांगायला घरात कोणी नाही. रात्री नि.चा फोन आला, काय विशेष? म्हटलं, काही नाही. हे असते तर म्हणाले असते, त्यात काय एवढं. तेवढं तरी कोणी म्हणायला हवं होतं. रडू आलं.

४ फेब्रु., बुध.
प्र. म्हणाली, उद्यापासून वजन वाढवू, पण उपाशी येणार असाल तर हात लावू देणार नाय. वर हसून, "काकांनाच सांगा, म्हणावं बायकोला जेवू घाला." सगळ्या हसल्या. मीही.

५ फेब्रु., गुरुवार
कुकर लावला. वरण-भात, मुगाची उसळ. ताट वाढून घेतलं, खाली मांडी घालून बसलेय, वही मांडीवर. अकरा वाजून गेले. बाराला जिम. आज जेवले तर उद्या ह्यांचं काय वाईट व्हायचं राहिलंय? काही नाही. कळतं मला. पण त्यांच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं. जेवले की मी नुसती एकटी.
वरण गार होत चाललंय.