त्या ठिकाणी शक्य ते सर्व

१४ मार्च १९९७, शुक्रवार

आज धुळ्याला ग्राहक मंचात आमच्या सुमनच्या केसचा निकाल लागला. डॉक्टर सुटले. बाळंतपणात रक्तस्राव होऊन पोरगी गेली, पण हलगर्जीपणा नाही म्हणे. त्यांच्या जागी दुसरा बऱ्यापैकी डॉक्टर असता तर त्याने काय केलं असतं, एवढंच बघायचं असतं. गावच्या दवाखान्यात रक्ताची सोय नाही, भूल देणारा नाही. "त्या ठिकाणी शक्य ते सर्व केले," साहेबांनी शांतपणे वाचून दाखवलं.

त्या ठिकाणी. परतताना सोनगीर मागे पडलं तरी डोक्यात तेच दोन शब्द. म्हणजे धुळ्यात, देवपूरला असती तर जगली असती? देवपूर तर तिचं सासर! विहीणबाई सांगत होत्या, इथेच राहू द्या, मोठे दवाखाने जवळ आहेत. पण सुमनच्या आईने ऐकलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून ती स्वतः जाऊन लेकीला घेऊन आली. मला तरी त्यात कुठे वावगं वाटलं होतं?

घरी आलो तर ही दारातच उभी. सगळं सांगितलं, ते दोन शब्द सोडून.

"डाक्टरनी चूक नही, मंग कोनी शे?"

"वकिलाची," मी म्हणालो. "नीट बोललाच नाही."

तो बिचारा घसा कोरडा पडेपर्यंत बोलला होता.

हिने त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. आणि कितीतरी दिवसांनी माझ्यासोबत बसून अर्धी भाकरी खाल्ली.