पहिल्या उपशीर्षकाच्या वरचा मजकूर

दिनांक १ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मुलीचा फोन आला. "बरे आहात ना?" "बरा आहे." "गोळ्या घेताय?" "घेतो." फोन ठेवला. टेबल पुसून चार खुर्च्या मांडल्या. साडेदहाला वकीलबाई आल्या. साक्षीसाठी बोलावलेले कुलूपवाले त्यांच्याही आधी येऊन जिन्यात उभे होते. जिन्यातला दिवा गेला आहे, तो बदलायचा आहे.

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट पूर्ण, असे लिहून ठेवतो की माझे डोके आज ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही, धाकही दाखवलेला नाही, आणि याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माणसांची पूर्ण नावे व पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या यादीत टंकून जोडले आहेत. या कागदात मी सगळ्यांना घरात जे म्हणतो तेच म्हणतो, नाहीतर मला लिहिता येत नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, तसेच बँकेत जे काही असेल ते, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. अट कोणतीही नाही. तिला विकायचे असल्यास विकावे. मागच्या खोलीत खिडकीखालच्या भिंतीला ओल येते. घेणाऱ्याला हे आधी सांगावे, रंग मारून झाकू नये.

२. माझ्या पत्नीचे शिलाई मशीन शेजारच्या नर्सबाईंना द्यावे. पत्नीने एकतीस वर्षे या मशीनवर लोकांचे कपडे आखूड, सैल आणि घट्ट करून दिले. शेवटच्या महिन्यात नर्सबाई कामावरून आल्या की तिच्याजवळ बसत. त्या बसल्या म्हणून मला झोप मिळाली. पत्नी पडल्या पडल्या त्यांना टीप घालायला शिकवायची. "सिस्टर, माणसाला टाके घालता ना? मग पँट का घाबरवते तुम्हाला?" असे ती म्हणाली तेव्हा दोघी बराच वेळ हसल्या. मशीनचा पट्टा नवा आहे. आज नर्सबाई सहीसाठी म्हणून आल्या होत्या, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितल्यामुळे त्यांना गॅलरीत जाऊन बसावे लागले. "म्हणजे मला काहीतरी मिळणार आहे तर," एवढेच त्या म्हणाल्या.

३. मोठी कात्री मुलीला द्यावी. या कात्रीने कागद कापायला घरात बंदी होती. ती पाळली गेली.

४. मेहुण्यांना शिडी द्यावी. ती त्यांनी दोनदा नेली होती आणि दोन्ही वेळा मीच जाऊन परत आणली. पत्नीच्या कामाचे आधीचे आणि नंतरचे फोटो मी तिच्या समाजमाध्यमांवरच्या पानावर टाकत असे. मेहुण्यांनी त्यातले सोळा फोटो उचलून आपल्या दुकानाच्या पानावर स्वतःचे काम म्हणून लावले. मी चिडलो. पत्नी म्हणाली, "जाऊ द्या हो, भाऊ आहे माझा. फोटोनं काय झिजतं?" ती बोलली म्हणून मी गप्प बसलो. मी त्यांना माफ केलेले नाही, पण शिडी द्यावी.

५. माझ्या धंद्याविषयी. एखादा माणूस फोनवर 'जवळचा कुलूपवाला' असे शोधतो तेव्हा यादीत कोणाचे नाव आधी दिसावे, याची खटपट मी बावीस वर्षे केली. लोक कोणते शब्द शोधतात ते पाहायचे, ते शब्द मथळ्यात आणायचे, आणि नको तो मजकूर काढायचा. पत्नी याला धंदा म्हणत नसे. "दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं. तुम्ही नुसते रांग मोडून पुढे घुसवणारे," असे ती पाहुण्यांसमोरही म्हणे. आता तीनच गिऱ्हाइके उरली आहेत. त्यांचे पासवर्ड कपाटातल्या लिफाफ्यांत आहेत, ते ज्याचे त्याला द्यावेत. कुलूपवाले माझे पहिले गिऱ्हाईक. त्यांना लिफाफा आजच देऊ केला, तर म्हणाले, "राहू द्या साहेब तुमच्याकडेच. जन्मभर लोकांची कुलपं उघडली, पण हे आपल्या हातानं उघडायचं नाही."

समाजमाध्यमांवरचे माझ्या नावाचे पान बंद करावे. तिथे मी लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छांखेरीज काही लिहिलेले नाही.

६. पत्नीचा शिवणकामाचा ब्लॉग मुलीला मिळावा. त्याच्या इंटरनेटवरच्या जागेचे पुढच्या दहा वर्षांचे भाडे भरलेले आहे. हा ब्लॉग अकरा वर्षांपूर्वी मुलीनेच आईला उघडून दिला होता, त्यामुळे ही वस्तू मी देतो असे म्हणणे बरोबर नाही, परत करतो असे म्हणावे. या कलमात मला जास्त लिहायचे आहे. वकीलबाई म्हणाल्या की कायद्याला त्याची गरज नाही, पण हरकतही नाही.

पत्नी लेख लिहायची तो असा. विषय समजा बाहीचे बटण लावण्याचा. आधी तीन-चार परिच्छेद त्या दिवशीच्या घराचे असत. कोण आले, काय बिनसले, मी काय बोललो. मग उपशीर्षक, आणि मग बटण. पहिली दोन वर्षे चाळीसेक माणसे वाचत, आणि जवळपास सगळी खाली काहीतरी लिहून जात. नंतर मी लक्ष घातले. वाचणाऱ्याला बटण लावायचे असते, त्याला आमच्या घराशी काय करायचे आहे, असे मी तिला समजावले. ती म्हणाली, "कापा. तुमचं काम तुम्हाला कळतं. पण वाचून कापा म्हणजे झालं." मी हो म्हणालो.

ती आठवड्यात लेख टाकायची आणि मी रविवारी साफ करायचो. साफ करण्याची माझी पद्धत ठरलेली होती. पहिल्या उपशीर्षकाच्या वरचा सगळा मजकूर निवडायचा आणि उडवायचा. सुरुवातीला मी वाचत असे. पुढे हातात तीसेक गिऱ्हाइकांची पाने आली आणि वाचणे राहिले. जुन्या आवृत्त्या साठवल्या की पान जड होते, म्हणून ती सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली होती. वर्षभरात ब्लॉग चाळिसावरून महिन्याला लाखावर गेला. मी पेढीवर बसलेल्या माणसासारखा आकडे पाहत असे.

पत्नी गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मुलगी संगणकापुढे बसली. आईचे सगळे लेख छापून तिला पुस्तक बांधून घ्यायचे होते. दुपारभर वाचून तिने विचारले, "बाबा, यात आई कुठंय?"

"सगळे तिचेच लेख आहेत."

"पायरी एक, पायरी दोन. हे कुणीही लिहील. आई असं लिहायची? आधीचं कुठं ठेवलंयत?"

मी सांगितले की ठेवलेले नाही. तेव्हा मी गप्प बसायला हवे होते. मी म्हणालो, "पण त्यामुळे वाचक वाढले."

ती उठली, बॅग भरली आणि गेली. याला दीड वर्ष होत आले. दर महिन्याच्या एक तारखेला तिचा फोन येतो, त्यात काय बोलणे होते ते वर लिहिले आहे. भांडणानंतर आठव्या दिवशी तिने ब्लॉगवर आपला ईमेल पत्ता नोंदवला. खाली कोणी नवीन काही लिहिले की तिला पत्र जाते. मालकाच्या यादीत मला तो पत्ता दिसतो. मी विचारलेले नाही.

७. निळ्या पुठ्ठ्याची वही, टेबलाच्या खणात, मुलीला द्यावी. तिच्यात काय आहे ते सांगतो.

मागच्या नोव्हेंबरात माझ्या बाहीचे बटण तुटले. कसे लावतात ते मला येत नाही, म्हणून शोधले. यादीत सगळ्यांत वर पत्नीचाच लेख आला. मीच तो तिथे आणला होता. सात पायऱ्या वाचल्या. त्याखाली एका बाईंनी लिहिले होते, "मग काकांनी बाही पुन्हा दाराच्या कडीत अडकवली का? सांगा हं ताई. हसून हसून पुरेवाट झाली."

काय अडकवले, कधी, मला काही आठवेना. लेखात तर कडी नाही आणि मीही नाही. मग कळले. बुधवारी लेख टाकला की माझ्या रविवारपर्यंत मधले तीन-चार दिवस तो अख्खा असे. नेहमीची माणसे तेवढ्यात वाचून घेत आणि खाली बोलत. पानाखाली चर्चा असली की शोधात फायदा होतो, म्हणून ती मात्र मी पुसली नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येक लेखाखालची बोलणी वहीत उतरवून घेतली आहेत. कोणी विचारते, लेकीच्या खोलीतली खुर्ची आता मशीनला घेतलीत का. कोणी म्हणते, शिडीवाल्या भावाला नमस्कार. एक जण लिहितात, तुमचे यजमान झोपेत आकडे पुटपुटतात हे वाचून बरे वाटले, आमचेही तसेच. तिने काय लिहिले होते ते यावरून अंदाजाने कळते. शब्द कळत नाहीत.

वहीच्या एकोणचाळिसाव्या पानाची घडी घातली आहे. मुलीने ते आधी वाचावे. पँट आखूड करण्याच्या लेखाखाली, १९ जूनला, म्हणजे पत्नी जाण्याच्या चौदा महिने आधी, एका वाचक बाईंनी लिहिले आहे, "ताई, मशीनवर बसलं की दम लागतो म्हणता, ते अंगावर काढू नका. घरात सांगितलंत का?"

आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते त्यानंतर दहा महिन्यांनी. "थोडं आधी यायला हवं होतं," असे ते म्हणाले होते.

मी दर रविवारी तिचा लेख उघडतो हे तिला माहीत होते. वाचून कापतो, असे तिला वाटत होते. तोंडावर सांगायचे नव्हते म्हणून तिने तिथे लिहिले असेल. आणि मी वाचून गप्प राहिलो, असे तिने धरले असेल. १९ जूननंतरच्या कोणत्याही लेखाला वरचा मजकूर नव्हताच, मला काही कापावे लागले नाही. ती सरळ उपशीर्षकापासून सुरुवात करू लागली. मला वाटले, ती शिकली. मी तिला तसे म्हणालोही.

मुलीने मला माफ करावे, अशी अट किंवा विनंती या कागदात नाही. ब्लॉग तिने चालवावा किंवा बंद करावा. चालवल्यास पायऱ्यांच्या वर तिला आठवेल तसे घर लिहावे. यादीत मागे पडला तरी चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि प्रत्येक पानावर सही केली. सातवे कलम वाचताना थांबलो तेव्हा वकीलबाईंनी पुढचे वाचून दिले.

स्थळ : राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : १ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

मृत्युपत्र करणारा : (सही)
साक्षीदार १ : (सही) कुलूपवाले, माझे पहिले गिऱ्हाईक
साक्षीदार २ : (सही) वकीलबाई

सह्यांखालचे हे कायद्याने धरू नये. मंडळींना सोडायला गेलो तेव्हा बाही दाराच्या कडीत अडकली आणि बटण उडाले. ते चपलांखाली सापडले.

जेवण झाल्यावर संगणक उघडला. १९ जूनच्या त्या प्रश्नाखाली कोणी उत्तर दिलेले नव्हते. मी माझ्या नावाने लिहिले, "घरात सांगितलं होतं तिनं. मी वाचलं नाही." आणि पाठवले. पत्र कोणाला जाईल हे मला ठाऊक आहे.

मग टेबलाशी बसून बटण लावले. सुईत दोरा चौथ्या वेळी गेला. सहाव्या पायरीत लिहिल्याप्रमाणे बटणाखाली तीन वेढे दिले आणि गाठ मारली. दोरा दाताने तोडलेला तिला चालत नसे. छोटी कात्री आणायला उठलो.